ओठ-आवाज जुळवून मिळेल

बबनराव गलांडे यांनी आमच्या सोसायटीतली एक शोकसभा दोन शब्दांत बंद पाडली होती. ते दोन शब्द म्हणजे, “नऊ फ्रेम.”

माजी चेअरमन जाऊन दहा दिवस झाले होते. खाली पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, हार घातलेला फोटो होता, आणि चेअरमनसाहेबांच्या जावयाने मोठ्या हौसेने (शोकसभेत हौस म्हणू नये, पण होती) पडदा लावून त्यांच्या एका जुन्या भाषणाचा व्हिडिओ सुरू केला होता. चेअरमनसाहेब पाण्याच्या टाकीबद्दल तळमळीने बोलत होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. एवढ्यात पहिल्या रांगेतून बबनराव उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “नऊ फ्रेम.”

कुणाला काही कळेना. जावई म्हणाला, “काका, काय झालं?”

“आवाज नऊ फ्रेम मागनं येतोय. माणूस गेला, त्याचं तोंड तरी त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्या की.”

“काका, बसा ना,” असं जावई म्हणेपर्यंत बबनराव लॅपटॉपपाशी पोचले होते. एक बटण दाबायचं, थांबायचं, चेअरमनच्या ओठांकडे बघायचं, पुन्हा दाबायचं. सभा खोळंबली. मी मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत बसलो, कारण बबनरावांना तिथे मीच घेऊन गेलो होतो. शेवटी ते जागेवर येऊन बसले आणि व्हिडिओ पुन्हा लागला. चेअरमनसाहेबांच्या पत्नी पदर बाजूला करून बघत राहिल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “आता वाटतंय, हेच बोलतायत.”

फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. जुन्या व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं सरकतात, त्यातलं एक. हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं आणि त्याने माझं काही भलं झालं नाही. बबनराव मात्र अख्खा संसार याच मापाने मोजतात. चिंचवडची बस पाच मिनिटं उशिरा आली की म्हणणार, “साडेसात हजार फ्रेम खाल्ल्या बघा ह्यानं.” माझ्या घरी चहा उतू गेला तर मलाच बोल लावणार: “दूध वर यायला लागतात चार फ्रेम, आन् तुमी हुबं वीस फ्रेम लांब. कसं जमायचं, डॉक्टर?”

मी डॉक्टर नाही. पिंपरीतल्या ज्या कंपनीत आम्ही दोघं आयुष्यभर होतो, तिथल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पण खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा तासभर यायचे आणि मी रोज असायचो, त्यामुळे अख्खी कंपनी मला डॉक्टर म्हणायची. मलाही ते आवडायचं. बबनराव प्रेस शॉपला होते, म्हणजे पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढतात त्या खात्यात. ते मूळचे माण तालुक्यातले, मी नगरकडचा, आणि आता थेरगावात आमची घरं एका गल्लीच्या अंतराने आहेत.

बबनरावांना सगळ्यांत जुना ओळखणारा मी, म्हणून त्यांचे किस्से लोक मला विचारतात. मी सांगतो, लोक हसतात. एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती त्यांच्या विक्षिप्तपणाची गोष्ट नाही, माझ्या करणीची आहे, आणि तिच्याबद्दल मला त्यांची आणि त्यांच्या मुलीची माफी मागायची आहे. तीच सांगायला बसलोय. पण माणूस ओळखीचा झाल्याशिवाय माफीला अर्थ नाही, म्हणून आधी थोडं हसून घेऊ.

डांगे चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत तळमजल्यावर त्यांची खोली आहे. खिडकीला पत्र्याची पाटी: ‘ओठ-आवाज जुळवून मिळेल’. खाली बारीक अक्षरांत ‘लग्न, बारसे, मुंज, निरोप समारंभ’. अक्षरं त्यांनी स्वतः रंगवलेली. पाटी लागल्यावर पहिल्या महिन्यात दोन माणसं दातांची कवळी बसवायला येऊन गेली.

धंदा असा की, हल्ली लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून घेतात. स्टुडिओवाला करून देतो, पण या उलटापालटीत काहीतरी बिनसतं आणि चित्र पुढे, आवाज मागे, असं होऊन बसतं. भटजी तोंड मिटून बसलेले आणि मंगलाष्टक चालूच. नवरी हसते आणि ते हसू ऐकू येतं सासऱ्याच्या तोंडातून. बाकीची दुनिया म्हणते, चालायचंच. बबनरावांना ते चालत नाही.

त्यांच्या मते रोग दोनच आहेत. एक ‘मागं ऱ्हायलेला’ आणि दुसरा ‘सरकत चाललेला’.

“मागं ऱ्हायलेला सोपा. धरायचा, वडायचा, जाग्यावर ठिवायचा. सरकत चाललेला लई बेकार, डॉक्टर. त्यो सुरवातीला साधूवानी गप असतोय, आन् पंगती बसूस्तवर पार लांब गेलेला असतोय.”

हे त्यांना संगणकाने नाही, प्रेसने शिकवलं. पत्र्याची लांब पट्टी प्रेसमध्ये सरकत जाते आणि दर ठोक्याला एक नग पडतो. पट्टी दर वेळी केसभर कमी सरकली, तर पहिला नग पास आणि शंभरावा भंगारात. शंभराव्या नगाला शिव्या देऊन उपयोग नसतो, सरकणं दुरुस्त करावं लागतं. व्हिडिओलाही तेच. बबनराव सुरुवातीची एक जागा पकडतात, शेवटची एक पकडतात, आणि मधला सगळा आवाज हलक्या हाताने ताणून बसवतात.

जागा कुठली पकडायची, हे त्यांचं खरं शास्त्र. नवशिका माणूस अक्षता पकडतो. ‘सावधान’ला अक्षता पडणार, म्हणजे तिथे आवाज बसवला की झालं. बबनराव हसतात. “आपल्या लोकास्नी कधी दम निघालाय का? ‘सावधान’च्या आधीच निम्मी मूठ मोकळी झालेली असती. कुणी तर फकस्त जेवायची घाई म्हणून टाकतंय.” मग? “ओठ धरायचं. प, फ, ब, भ, म. ह्या पाचांना ओठ मिटल्याबिगर गती न्हाई. ‘शुभमंगल’मधी ओठ दोन येळा मिटत्यात, ‘सावधान’मधी एकदाबी न्हाई. म्हून ‘शुभमंगल’ धरायचं.” एवढं सांगून ते मला समोर बसवून दोनदा ‘शुभमंगल’ म्हणायला लावायचे आणि माझे ओठ बघायचे. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मी सोडून दिला होता.

काम करताना त्यांचा डावा तळहात स्पीकरच्या खोक्यावर असतो, ताप बघितल्यासारखा. नजर पडद्यावर. पडद्यावर वर चित्र आणि खाली आवाजाची रांगोळी: बोललं की रेघ फुगते, गप्प झालं की बसते. चार गिऱ्हाइकं एकदम आली तरी त्यांची मान वळत नाही. “गलांडेकाकांचा कान म्हणजे कान आहे,” असं स्टुडिओवालेसुद्धा म्हणतात.

एकच नियम ते कधी मोडत नाहीत: सरकवायचं, घालायचं नाही. वाकडच्या एका गृहस्थांच्या कॅसेटमध्ये सासऱ्यांच्या आशीर्वादाच्या वेळी आवाजच गेला होता. ते म्हणाले, तिथे नुसती सनई टाका, बरं दिसेल. बबनरावांनी पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात ठेवला. “जे वाजलंच न्हाई ते म्या घालनार न्हाई. आज सनई घालाल, उद्या म्हनाल सासरं गोड बोललं हुतं.” गृहस्थ रागावून गेले. मी समजावलं की एवढं ताठ राहून गिऱ्हाईक टिकत नाही, तर मलाच म्हणाले, “गिऱ्हाईक जाऊ द्या. खोटा आवाज एकदा बसला की जल्माचा बसतो.”

आणखी खोडी सांगायच्या तर पुष्कळ. कुणाशीही बोलायला लागले की पहिलं वाक्य, “तोंड हिकडं.” पाठ करून बोललेलं त्यांना अजिबात खपत नाही. मिशांशी त्यांचं उभं वैर. आमच्या गल्लीत मतं मागायला आलेल्या एका भारदस्त उमेदवाराला त्यांनी हात जोडून सांगितलं, “साहेब, वरच्या ओठावरची जरा कापा, मग काय ते आश्वासन द्या.” फोन उचलत नाहीत. कीर्तनाला पहिल्या रांगेच्याही पुढे, जवळजवळ बुवांच्या पायाशी जाऊन बसतात आणि बुवांनी टाळकऱ्यांकडे तोंड फिरवलं की चुळबुळ करतात. ओळखीच्या घरात टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ मागेपुढे होत असले की ‘शी’ म्हणून उठून जातात. या सगळ्यावर आम्ही मनमुराद हसलो आहोत. मी तर त्यांची नक्कल करायचो. कट्ट्यावर मला त्यासाठी मागणी असे.

मास्कचे दिवस आले आणि बबनराव माणसातून उठले. औषधाच्या दुकानात दुकानदाराला म्हणायचे, मास्क काढून बोल. दूधवाल्याला तेच, पोलिसाला तेच. लोक अंगावर यायला लागले. एकदा मी चौकातून जाताना बघितलं, तर औषधाच्या दुकानापुढे गर्दी आणि मध्ये बबनराव, “तोंड दावा की! तोंड दावून सांगा की!” म्हणून ओरडतायत. दुकानदाराने त्यांना पायरीवरून खाली ढकललं. मी पुढे झालो आणि सगळ्यांदेखत त्यांना झाडलं. “वयाला शोभतं का हे, बबनराव? स्वतःला मरायचं तर मरा, दुसऱ्यांना कशाला मारताय?” ते माझ्याकडे बघत राहिले. मग औषध न घेताच घराकडे चालायला लागले. माझ्याही तोंडावर मास्क होता.

पुढे सहा महिने ते खोलीबाहेर पडले नाहीत. त्यांची मुलगी सुनीता चिंचवडला शाळेत शिकवते. बायको गेल्यापासून तीच येऊन-जाऊन त्यांचं बघते. दार उघडून आत गेलं तरी वडिलांना कळत नाही, मागून हाक मारली तर वळत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं आणि ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली. डावा कान जवळपास गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. आजचं नाही, निदान वीस-पंचवीस वर्षांचं दुखणं. बबनराव एवढी वर्षं ओठ बघून ऐकत होते. उजव्या कानात जी काय गुणगुण शिरते तिला समोरच्याचे ओठ जोडायचे आणि शब्द बनवायचा. ओठ आणि आवाज बरोबर आले तर माणूस ऐकू येतो. नऊ फ्रेम मागेपुढे झाले, तर त्यांच्या हाती ना ओठ लागतात ना आवाज.

कानाचं मशीन घेतलं आहे, ते टेबलाच्या खणात असतं. “त्यात समदा आवाज येतो, पर मानूस येत न्हाई,” म्हणतात.

सुनीताने त्या दिवशी मला विचारलं, “काका, कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी व्हायची ना? ती तुम्हीच करायचात. मग बाबांचं कसं लक्षात आलं नाही?”

मी म्हणालो, “तेव्हा नॉर्मल होते गं. हे वयाने होतं.”

ती म्हणाली, “असेल,” आणि रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. तिचा माझ्यावर विश्वास आहे. लहानपणी तिला इंजेक्शनं मीच दिली आहेत.

आता खरं सांगतो. दवाखान्यात कान तपासायला एक बंद खोका होता, माणूस आत बसेल एवढा, त्याला काचेची खिडकी. आत कामगार, कानाला हेडफोन. बाहेर मी. मी बटण दाबलं की त्याच्या कानात पीप वाजायची. ऐकू आली की त्याने बोट वर करायचं. शिकवायला आलेल्या माणसाने मला बजावलं होतं, बटणाचा हात टेबलाखाली ठेवायचा, आतल्याला दिसता कामा नये. मी तो टेबलावर ठेवायचो. अंगठा काचेतून स्वच्छ दिसेल असा.

सुरुवात एकाच्या रडण्यातून झाली. कानात नापास झाला की माणसाला प्रेस शॉपमधून उचलून पॅकिंगला टाकायचे. भत्ता जायचा, ओव्हरटाइम जायचा, हंगामी असेल तर नोकरीच जायची. एक जण माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला, “डॉक्टर, तेवढं बघा.” मी बघितलं. मग दुसरा आला. पुढे कुणी हात जोडायचीही गरज उरली नाही. प्रेस शॉपच्या सगळ्यांना माहीत होतं की डॉक्टरांच्या अंगठ्याकडे बघायचं, कानाकडे लक्ष द्यायचं नाही. सुगीनंतर माझ्या टेबलाखाली शेंगांच्या पिशव्या यायच्या, कुणी काकवी आणायचं. मी घरी बायकोला सांगायचो, गरिबांचे आशीर्वाद आहेत हे. मला मनापासून तसं वाटत होतं.

बबनराव दरवर्षी पहिल्या नंबराने पास व्हायचे. नापास केलं असतं तर ते पॅकिंगला गेले असते, चार शिव्या मला घातल्या असत्या, आणि आज त्यांना लेकीची हाक ऐकू आली असती. मी त्यांना पुन्हा प्रेसच्या कान फाडणाऱ्या दणदणाटात पाठवत राहिलो, वर्षानुवर्षं, कानात घालायला कापसाचे बोळे देऊन.

हे सगळं माझ्यापुरतं दबलेलं राहिलं असतं. पण मागच्या वर्षी प्रेस शॉपच्या निवृत्त लोकांनी स्नेहमेळावा ठरवला, आणि त्याच सुमाराला कंपनीच्या जुन्या कपाटातून एक कॅसेट निघाली. कधीकाळी सुरक्षा सप्ताहात केलेलं शूटिंग. प्रेस शॉप, कॅन्टीन, फोरमनचं भाषण आणि दवाखाना. स्टुडिओतून ती पेनड्राइव्हवर करून घेतली आणि जे व्हायचं ते झालं: आवाज सरकत गेला. काम बबनरावांकडे आलं. मेळाव्यात सगळे बायकापोरांसह येणार, तिथे पडद्यावर दाखवायचं, असं ठरलं.

ते शूटिंग मला पक्कं आठवत होतं. खोक्यात बबनराव बसले होते, बाहेर मी. पीप कॅमेऱ्यालाही ऐकू यावी म्हणून यंत्राला स्पीकर जोडला होता. सात वेळा मी बटण दाबलं, सात वेळा बोट वर. मी यंत्र बंद केलं, ते काचेतून बबनरावांनाही दिसलं. तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, अंगठा आणि बोट एकत्र घ्यायचं राहिलं, आणखी एकदा दाबा. मी बंद यंत्राचं बटण दाबलं. बबनरावांनी ऐटीत बोट वर केलं.

कॅमेरावाला गेल्यावर बबनराव बाहेर आले आणि म्हणाले, “न वाजता आयकू आलं बघा मला, डॉक्टर!” मी त्यांना टाळी दिली. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. स्टूल पुढे सरकवलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

“समदं बसलं. फोरमन बसला, क्यांटीन बसलं. तुमच्या दवाखान्यात तेवढं कोडं हाय. बोटं आठ हायती, आन् पीप सातच.”

खाली आवाजाच्या रांगोळीत सात टिकल्या ओळीने दिसत होत्या. आठव्या बोटाखाली सपाट रेघ. ते पडद्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. हा माणूस त्या दिवशी माझ्याबरोबर हसला होता, त्याला कोडं कसलं पडणार? मी बोलावं म्हणून त्यांनी जागा करून दिली होती. सुनीता मेळाव्याला येणार हेही दोघांना माहीत होतं. दोन वाक्यांत संपलं असतं.

मी म्हणालो, “कन्व्हर्ट करताना गळली असेल एखादी.”

त्यांनी ते वाक्य माझ्या ओठांवर शेवटपर्यंत वाचलं. “गळली आसंल,” म्हणाले आणि पडदा परत आपल्याकडे वळवला.

मेळावा आळंदी रस्त्यावरच्या एका कार्यालयात होता. पन्नास-साठ म्हातारे, त्यांच्या बायका, सुना, नातवंडं. सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडून बोलत होते, सुनांनी कानांवर हात ठेवले होते. मीही हसत होतो. मग पाणी प्यायला बाजूला झालो आणि तिथून बघितलं, तर एकाचीही नजर समोरच्याच्या डोळ्यांत नव्हती. सगळे ओठांकडे बघत होते. प्रत्येकाला मी पास केलं होतं.

पंखे मंद केले, पडदा लागला. फोरमनचं भाषण सुरू झालं. फोरमन जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने भाषणात एक चावट विनोद केला आणि अख्खा हॉल एकदम हसला. एकदम. कुणी शेजाऱ्याला “काय म्हणला?” असं विचारलं नाही. माझ्या पुढचा एक म्हातारा बायकोला सांगत होता, “आयकू येतंय गं. स्वच्छ आयकू येतंय.” एका विनोदासाठी बबनराव तीन आठवडे फोरमनच्या ओठांवर बसले होते. या हॉलमधल्या कुणालाही अर्धी फ्रेम चुकवून चालणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग दवाखाना आला. काळ्या केसांचा मी, टेबलावर हात, काचेमागे बबनराव. सुनीता माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. मी मोजत होतो. पाच. सहा. सात. कॅमेरा जवळ गेला. माझा अंगठा आणि त्यांचं बोट एकाच चित्रात. अंगठा दबला.

पीप वाजली.

अगदी जागेवर. एका फ्रेमचाही फरक नाही. सुनीता माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, “तेव्हा खरंच चांगलं ऐकू येत होतं हो बाबांना.” सनई घालायला नकार देणाऱ्या माणसाने माझ्यासाठी खोटा आवाज घातला होता. आधीच्या सातांतली एक उचलून तिथे नेऊन बसवली होती, माझ्या तोंडाला काळं लागू नये म्हणून.

पानं मांडायला अजून वेळ होता. बबनराव कोपऱ्यात लॅपटॉपची वायर गुंडाळत उभे होते. मी त्यांच्यासमोर उजेडात जाऊन उभा राहिलो. “बबनराव, त्या आठव्या बोटाचं...” एवढं म्हणालो आणि त्यांनी डोळे मिटले.

आधी वाटलं, थकले असतील. मग लक्षात आलं. नको ते कानावर पडू नये म्हणून आपण कानांवर हात ठेवतो. त्यांना तेवढ्यासाठी डोळे मिटावे लागतात.

मी थांबलो नाही. टेबलावरचा हात, शेंगांच्या पिशव्या, औषधाच्या दुकानापुढे त्यांना बोललो ते, कट्ट्यावर केलेल्या नकला, सगळं त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे सांगितलं. वायर हातात धरून ते नुसते उभे होते. माझं बोलणं संपल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझे ओठ हलत नाहीत ना हे बघितलं आणि म्हणाले, “झालं? चला आता. मठ्ठा संपंल.”

आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो. वाढप्याला थांबवून त्यांनी मला आग्रहाने जिलबी वाढायला लावली. त्यानंतर त्यांनी हा विषय काढलेला नाही आणि मला काढू दिलेला नाही. मी तोंड उघडलं की ते माझ्याकडे नीट बघून घेतात, आणि बोलणं त्या दिशेला चाललंय असं वाटलं की पापण्या खाली येतात.

ते ऐकून घेणार नाहीत, हे मला आता कळलं आहे. पण प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. तो सुनीताने विचारला होता, आणि तिला मी उत्तर देऊ शकतो. समोर बसून बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिलं. ती वाचते, हे कधीतरी तिच्या हाती पडेल.

सुनीता, त्या आठव्या वेळी तुझ्या वडिलांना काही ऐकू आलं नव्हतं. आधीच्या सात वेळांतही फारसं आलं नसावं. ते मला तेव्हाच माहीत होतं.